इंग्रजी 'व्हॉइस' आणि मराठी 'प्रयोग'

ज्या गोष्टी शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या असतात त्यांच्याविषयीं सहसा कोणी प्रश्न विचारीत नाहीं. इंग्रजी वाक्याचा 'ॲक्टिव्ह व्हॉइस' बदलून 'पॅसिव्ह व्हॉइस' करावयाचा, ही अशांपैकींच एक गोष्ट होय. आमच्या धाराशिव जिल्ह्यांत आठ तालुके आहेत. पश्चिमेच्या परंड्यापासून आग्नेयेच्या उमरग्यापर्यंत कोणत्याहि मराठी माध्यमाच्या शाळेंत जावें. वर्षांतून एकदां तरी फळ्यावर 'राम ईट्स अ मँगो' हें वाक्य आणि त्याच्याखालीं 'अ मँगो इज ईटन बाय राम' हें त्याचें रूपांतर दिसल्यावांचून राहत नाहीं. मुलें तें उतरून घेतात, नियम पाठ करतात, परीक्षेंत गुण मिळवितात आणि पुढें महाविद्यालयांत आमच्याकडे येतात. त्या वेळीं असें दिसून येतें कीं, वाक्य उलटें करण्याची कला त्यांना साधली आहे, पण तें कां उलटें करावयाचें हें त्यांना कोणीं सांगितलेलें नाहीं. एवढ्यावरच भागलें असतें तरी मोठीशी हानि नव्हती. परंतु ही कला शिकवितांना शिक्षक एक सोपें समीकरण मुलांच्या हातीं देतात: 'ॲक्टिव्ह' म्हणजे आपला कर्तरी प्रयोग, 'पॅसिव्ह' म्हणजे आपला कर्मणी प्रयोग. प्रस्तुत लेखांत या समीकरणाचें परीक्षण करावयाचें आहे. तें चुकीचें आहे, आणि त्यामुळें इंग्रजी नीट येत नाहीं व येत असलेली मराठी बिघडते, असें माझें म्हणणें आहे.

प्रथम त्या अभ्यासाचेंच स्वरूप पाहूं. या विषयाचें आपल्याकडील प्रमाणभूत पुस्तक म्हणजे रेन आणि मार्टिन या जोडीचें इंग्रजी व्याकरण. विसाव्या शतकाच्या चवथ्या दशकांत तें प्रथम निघालें आणि अद्यापि त्याची चलती ओसरलेली नाहीं. यांतले रेन म्हणजे 'बो जेस्ट' (१९२४) या गाजलेल्या कादंबरीचे कर्ते. त्यांनीं कांहीं वर्षें मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यांत नोकरी केली होती, तेव्हां हिंदी विद्यार्थ्याची अडचण त्यांना अगदींच अपरिचित नव्हती. त्या पुस्तकावर अन्याय होऊं नये म्हणून सांगितलें पाहिजे कीं, कर्त्यास प्राधान्य द्यावयाचें असेल तेथें 'ॲक्टिव्ह' आणि ज्याच्यावर क्रिया घडली त्यास प्राधान्य द्यावयाचें असेल तेथें 'पॅसिव्ह', असा खुलासा त्यांत आहे. परंतु खुलासा दोन ओळींचा आणि त्यामागून येणारीं वाक्यें ढीगभर, असें झालें म्हणजे विद्यार्थ्याचें लक्ष कोठें जाणार हें उघड आहे. पुढें त्या पुस्तकाच्या आधारें जीं मार्गदर्शकें निघालीं त्यांनीं तर तो खुलासाहि गाळला आणि चार पायऱ्यांची कृति तेवढी ठेवली: कर्म पुढें आणावें, 'टु बी' चें योग्य रूप घालावें, क्रियापदाचें तिसरें रूप लावावें, आणि कर्त्यामागें 'बाय' जोडून त्यास शेवटीं बसवावें.

या चौथ्या पायरीवर थोडें थांबावें. डेन्मार्कचे प्रसिद्ध भाषापंडित ऑटो येस्पर्सन यांनीं 'द फिलॉसफी ऑफ ग्रामर' (१९२४) या ग्रंथांत इंग्रजी वाङ्मयांतील 'पॅसिव्ह' वाक्यांची मोजदाद दिली आहे. निरनिराळ्या लेखकांच्या लिखाणांत शेंकडा ७० पासून ९४ पर्यंत वाक्यें अशीं निघालीं कीं, ज्यांत 'बाय' घालून कर्ता सांगितलेलाच नाहीं. याचा अर्थ काय? इंग्रज मनुष्य ही रचना मुख्यतः कर्ता गाळण्यासाठीं वापरतो. कर्ता कोण हें ठाऊक नसतें, किंवा तें इतकें उघड असतें कीं सांगण्याची गरज नसते, किंवा त्याचें नांव घेणें सोईचें नसतें, म्हणूनच तो 'पॅसिव्ह' कडे वळतो. आमच्या वर्गांत मात्र कर्ता राखणें हा नियम आणि गाळणें हा अपवाद! 'आय लव्ह माय मदर' या वाक्याचें 'माय मदर इज लव्ह्‌ड बाय मी' असें रूपांतर करून मुलगा पूर्ण गुण मिळवितो. परंतु जगाच्या पाठीवर कोणत्याहि इंग्रजानें आपल्या आईविषयीं असें वाक्य उच्चारलें नसेल. जी रचना ज्या कामासाठीं जन्मली तें काम वगळून बाकी सर्व शिकविण्याचा हा प्रकार आहे.

आतां मूळ समीकरणाकडे वळूं. 'राम आंबा खातो' हा कर्तरी प्रयोग, कारण क्रियापद कर्त्याप्रमाणें चालतें; सीता असेल तर 'खाते' होईल. 'रामानें आंबा खाल्ला' हा कर्मणी प्रयोग, कारण येथें क्रियापद कर्माप्रमाणें चालतें. आंब्याच्या जागीं भाकरी आली तर 'खाल्ली' होईल. 'शिपायानें चोरास धरिलें' हा भावे प्रयोग, कारण क्रियापद कोणाकडेच न पाहतां नपुंसकलिंगी एकवचनांत राहतें. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पर्यंत प्रयोगाच्या व्याख्येसंबंधीं पुष्कळ खल झाला असला, तरी शाळेंत शिकविलें जातें तें सामान्यतः एवढेंच. येथवर आक्षेप घेण्यासारखें कांहीं नाहीं. क्रियापद कोणाच्या अनुरोधानें चालतें हें पाहून दिलेलीं हीं नांवें आहेत आणि तेवढ्यापुरतीं तीं यथार्थ आहेत.

पण तीं 'व्हॉइस' चीं नांवें नव्हेत. 'राम आंबा खातो' आणि 'रामानें आंबा खाल्ला' या दोन वाक्यांत बोलणाऱ्याची दृष्टि बदललेली नाहीं. बदलला आहे तो काळ. सकर्मक क्रियापद भूतकाळांत गेलें कीं मराठी बोलणारास बहुधा कर्मणी वा भावे प्रयोग करावाच लागतो. त्याच्या इच्छेचा तेथें प्रश्न नसतो. उलट इंग्रजींत 'ॲक्टिव्ह' कीं 'पॅसिव्ह' हा सर्वस्वी बोलणाराच्या निवडीचा प्रश्न आहे, आणि ती निवड कोणत्याहि काळांत करतां येते. एकीकडे सक्ति आणि दुसरीकडे निवड, अशा दोन गोष्टींना एकच नांव देणें हें शास्त्राला धरून नाहीं.

'रामानें आंबा खाल्ला' येथें मुख्य मान कोणाचा, हें ठरविण्याच्या दोन सोप्या कसोट्या आहेत. 'रामानें आपली भाकरी खाल्ली' असें म्हटलें म्हणजे 'आपली' याचा अर्थ रामाची, हें लहान मूलहि जाणतें. 'घरीं येऊन रामानें भाकरी खाल्ली' असें म्हटलें म्हणजे घरीं राम आला, भाकरी आली नाहीं. प्रत्यय तृतीयेचा असला आणि क्रियापद भाकरीच्या मागें गेलें असलें, तरी वाक्याचा धनी रामच आहे. म्हणून या वाक्याचें सरळ इंग्रजी 'राम एट अ मँगो' असेंच होतें. आतां आमच्या विद्यार्थ्याची स्थिति पाहा. 'रामानें आंबा खाल्ला' याचें इंग्रजी करण्यास सांगितलें असतां तो विचार करतो: हा कर्मणी प्रयोग, कर्मणी म्हणजे 'पॅसिव्ह', 'नें' म्हणजे 'बाय', आणि लिहितो, 'अ मँगो वॉज ईटन बाय राम.' त्याच्या उत्तरावर तांबडी रेघ ओढली जाते. खेड्यांतून आलेला मुलगा, घरांत इंग्रजीचा वारा नाहीं, म्हणून त्याची समजूत मंद असा निष्कर्षहि काढला जातो. वास्तविक त्यानें दिलेला नियम प्रामाणिकपणें पाळला आहे. ज्या मुलानें नियमाकडे लक्षच दिलें नाहीं तो कानाच्या आधारें बरोबर लिहितो, आणि ज्यानें लक्ष दिलें तो चुकतो. नियमच खोटा आहे याला याहून दुसरा पुरावा कशास हवा?

हा घोंटाळा कसा उत्पन्न झाला हें समजण्यास भाषेच्या इतिहासांत थोडें शिरावें लागतें. संस्कृतांत 'रामेण आम्रः खादितः' हें खरोखरीचें कर्मणी वाक्य होतें. कर्तरी रचनेस तेथें निराळीं रूपें होतीं, आणि दोहोंत निवड करतां येत होती. कालांतरानें भूतकाळाचीं तीं कर्तरी रूपें लोपलीं आणि कर्मणी धातुसाधितावरच सर्व भार पडला. झ्यूल ब्लॉक यांच्या १९२० सालीं प्रसिद्ध झालेल्या मराठी भाषेच्या घडणीवरील फ्रेंच ग्रंथांत हा विकास दाखविला आहे. वासुदेव गोपाळ परांजपे यांनीं १९४१ मध्यें तो ग्रंथ मराठींत आणला. तात्पर्य, रचना कर्मणीची राहिली, पण तिच्यांतला कर्मणी अर्थ गेला. पूर्वींच्या वाड्यांत नवे बिऱ्हाडकरू राहावेत, तसें झालें. मराठवाड्याच्या खेड्यांत अद्यापि 'म्या भाकर खाल्ली' असें ऐकूं येतें. त्या 'म्या' मध्यें जुनी तृतीया जिवंत आहे. लेखनांत 'मी जातों' पण 'मीं भाकरी खाल्ली' असा भेद अनुस्वारानें दाखवीत असत; १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनीं तो अनुस्वार गेला. प्रस्तुत लेखांत जुने अनुस्वार ठेवले आहेत त्याचें एक कारण हेंहि आहे.

या बाबतींत बंगाली विद्यार्थ्याशीं तुलना केली असतां आपली अडचण अधिक स्पष्ट होते. बंगालींतील भूतकाळाचा लकारहि आपल्या लकाराच्याच कुळांतला आहे, आणि प्राचीन बंगालींत आपल्यासारखी रचनाहि होती. सुनीतिकुमार चटर्जी यांनीं १९२६ च्या आपल्या महाग्रंथांत तिचा मागोवा घेतला आहे. पण पुढें बंगाली क्रियापद कर्त्याकडे वळलें. 'आमि आम खेलाम', 'तुमि आम खेले', 'से आम खेलो': मीं खाल्ला, तूं खाल्लास, त्यानें खाल्ला, क्रियापद पुरुषाप्रमाणें बदलतें, आंब्याकडे ढुंकूनहि पाहत नाहीं. त्यामुळें बंगाली व्याकरणांतील कर्तृवाच्य आणि इंग्रजींतील 'ॲक्टिव्ह' हीं सरळ एकमेकांसमोर उभीं राहतात. कलकत्त्याच्या मुलास 'बाय मी' च्या कृत्रिमपणाचा जाच होतो, परंतु साध्या भूतकाळाच्या वाक्यापाशीं तो अडखळत नाहीं. आपला मुलगा तेथेंच अडखळतो. तेव्हां एका प्रांतासाठीं केलेली शिकवणी दुसऱ्या प्रांतांत जशीच्या तशी चालेल असें समजणें बरोबर नाहीं. मराठी मुलासाठीं मराठीचा विचार करूनच ती केली पाहिजे.

आणि गंमत अशी कीं, या जिल्ह्यांत एके काळीं याहून बरी परिभाषा वापरांत होती. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. माध्यमिक शिक्षण मुख्यतः उर्दूंतून होई, आणि १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठांत उच्च शिक्षणाचें माध्यमहि उर्दूच होतें. इंग्रजी हा एक सक्तीचा विषय असे. मराठी मुलांस आपल्या भाषेंतून शिकूं न देणाऱ्या त्या व्यवस्थेचें समर्थन करण्याचें कारण नाहीं. पण त्या मुलांना उर्दू व्याकरणाचे जे दोन शब्द मिळाले ते लक्षांत घेण्यासारखे आहेत. 'ॲक्टिव्ह' क्रियापदास 'मारूफ' म्हणत आणि 'पॅसिव्ह' क्रियापदास 'मजहूल'. मारूफ म्हणजे ज्ञात. मजहूल म्हणजे अज्ञात. ज्याचा कर्ता माहीत आहे तें मारूफ, ज्याचा कर्ता अज्ञात राहिला तें मजहूल. येस्पर्सननें मोजदाद करून जें दाखविलें तें अरबी वैय्याकरणांनीं नांवांतच सांगून ठेवलें होतें. उर्दूंतहि आपल्याप्रमाणेंच 'रामने आम खाया', 'रामने रोटी खाई' असें क्रियापद कर्माच्या मागें जातें. तरीहि उर्दू व्याकरणकार त्यास मारूफच म्हणतो, आणि 'आम खाया गया' यास मजहूल म्हणतो. 'ने' दिसला कीं 'पॅसिव्ह', अशी फसगत त्या परिभाषेंत होत नाहीं.

याच दिशेनें हिंदी व्याकरणानेंहि एक उत्तम व्यवस्था केली. कामताप्रसाद गुरु यांच्या 'हिंदी व्याकरण' (१९२०) या काशीच्या नागरी प्रचारिणी सभेनें काढलेल्या ग्रंथांत 'वाच्य' आणि 'प्रयोग' हे दोन विषय वेगळे केले आहेत. वाक्याचा धनी कोण, हा वाच्याचा प्रश्न. क्रियापद कोणाच्या लिंगवचनाप्रमाणें चालतें, हा प्रयोगाचा प्रश्न. 'मैंने पुस्तक पढ़ी' हें वाक्य त्यांच्या मतें वाच्यानें कर्तृवाच्य आणि प्रयोगानें कर्मणि. दोन प्रश्न, दोन उत्तरें. कोठेंहि ओढाताण नाहीं. मराठींतहि प्रयोगविचाराची फेरतपासणी झालेली नाहीं असें नव्हे. अरविंद मंगरूळकर यांचा 'मराठी व्याकरणाचा पुनर्विचार' १९६४ मध्यें प्रसिद्ध झाला. परंतु पंडितांच्या चर्चेचें वारें शाळेच्या वर्गापर्यंत पोंचत नाहीं. तेथें अद्यापि 'प्रयोग' या एकाच शब्दावर दोन्ही ओझीं लादलेलीं आहेत.

मग इंग्रजी 'पॅसिव्ह' जें काम करतो तें मराठी कशानें करते? पुष्कळ मार्गांनीं करते, आणि ते सर्व मुलांच्या तोंडांत रोजचे आहेत. पहिला मार्ग शब्दक्रमाचा. इंग्रजींत शब्दाचें स्थान बदललें कीं अर्थ बदलतो. वाघ आणि माणूस यांच्या जागा उलट केल्या तर मारणारा माणूस होतो. म्हणून कर्म पुढें आणावयाचें तर क्रियापदहि बदलावें लागतें. मराठीला विभक्तीचें बळ आहे. नळदुर्गच्या किल्ल्यांत बोरी नदीवरील बंधाऱ्याच्या पोटांत जो पाणीमहाल आहे त्याविषयीं बोलतांना आपण सहज म्हणतों, 'हा पाणीमहाल आदिलशहानें बांधला.' कर्म पुढें आलें, कर्ता मागें गेला, आणि क्रियापदास धक्काहि लागला नाहीं. 'धिस पॅलेस वॉज बिल्ट बाय आदिलशहा' याचें हेंच नेमकें मराठी होय. दुसरा मार्ग अकर्मक धातूंचा. फोडणें आणि फुटणें, तोडणें आणि तुटणें, फाडणें आणि फाटणें, सोडणें आणि सुटणें, अशा जोड्या मराठींत विपुल आहेत. 'द कप वॉज ब्रोकन' म्हणजे 'कप फुटला'. तेरच्या पांढरीच्या टेकाडांत रोमन व्यापाराच्या खुणा सांपडल्या, असें आपण म्हणतों. इंग्रजीस तेथें 'वेअर फाउंड' म्हणावें लागतें. ज्याला मार बसतो तो मराठींत 'मार खातो'. म्हणजे सोसणाराच कर्ता होऊन बसतो! तिसरा मार्ग '-ण्यांत येणें' या रचनेचा. तिच्याविषयीं पुढें बोलूं. यांशिवाय मराठीच्या जुन्या खऱ्या कर्मणी रूपांचे अवशेषहि आपल्या रोजच्या बोलण्यांत आहेत. ज्ञानेश्वरींत आणि महानुभावांच्या गद्यांत 'करिजे', 'बोलिजे' अशीं रूपें भेटतात. व्याकरणांत त्यांस पुराणकर्मणी म्हणतात. 'पाहिजे' आणि 'म्हणजे' हे शब्द त्याच कुळांतले: 'पाहिलें जातें', 'म्हटलें जातें' हे त्यांचे मूळ अर्थ. 'मला पाणी पाहिजे' असें म्हणणारें तान्हें पोर खऱ्या कर्मणी रूपाचा उच्चार करीत असतें. पण व्याकरणाच्या तासाला त्याला कोणी तें सांगत नाहीं.

हे सर्व मार्ग सोडून शाळेनें एकच मार्ग निवडला: 'बाय' म्हणजे 'कडून', आणि क्रियापदापुढें 'जाणें'. 'रामाकडून आंबा खाल्ला गेला.' व्याकरणाच्या पुस्तकांत यास 'नवीन कर्मणी' असें नांवहि मिळालें आहे. नांव मिळालें म्हणजे प्रतिष्ठा मिळाली असें होतें. पण मराठी कानाला विचारावें. मराठींत 'कडून' या शब्दास स्वतःचा अर्थ आहे. 'माझ्याकडून चूक झाली', 'त्याच्याकडून निरोप राहून गेला': नकळत, इच्छा नसतां घडलें, असा त्यांत भाव आहे. म्हणून 'आदिलशहाकडून महाल बांधला गेला' असें म्हटलें तर बांधावयाचें दुसरेंच कांहीं होतें आणि चुकून महाल झाला, असें वाटूं लागतें. एका 'बाय' बद्दल मराठींत किती शब्द आहेत पाहा. कोनशिला पाहुण्यांच्या 'हस्तें' बसते. निरोप नोकरा'करवीं' जातो. अपराध माणसाच्या 'हातून' घडतो. प्रत्येकाचें स्थान निराळें, प्रत्येकाची छटा निराळी. या सर्वांच्या जागीं 'कडून' आणि 'द्वारा' यांची योजना करणें म्हणजे भरल्या घरांतलीं भांडीं मोडींत काढून एका टिनपाटावर संसार करण्यासारखें आहे. वर्तमानपत्रांतील मथळे, आकाशवाणीवरील निवेदनें, सरकारी पत्रकें यांतून ही भाषा आतां इतकी पसरली आहे कीं, 'बाबा शेत नांगरतात' असें घरीं बोलणारा मुलगा निबंधाच्या वहींत 'माझ्या वडिलांकडून शेत नांगरलें जातें' असें लिहितो आणि तें शुद्ध समजतो. आपल्या घरची भाषा अशुद्ध आणि अनुवादाची भाषा शुद्ध, अशी त्याची समजूत होऊन बसते. हा या अभ्यासाचा सर्वांत वाईट परिणाम होय.

याच्या पुढें आणखी एक गोष्ट आहे, आणि ती केवळ भाषेची नाहीं. 'आपला अर्ज नामंजूर करण्यांत आला आहे.' अवर्षणानें गांजलेल्या या जिल्ह्यांत असें वाक्य ज्याच्या घरीं आलें नाहीं असें शेतकऱ्याचें घर विरळा. या वाक्यांत अर्ज आहे, नामंजुरी आहे. नामंजूर करणारा मात्र नाहीं. तो मजहूल आहे. कर्ता गाळणें सदैवच लबाडीचें असतें असें मात्र नव्हे. '२०२३ सालीं उस्मानाबादचें नांव धाराशिव करण्यांत आलें' या वाक्यांत कर्ता नाहीं, पण कोणाची फसवणूकहि नाहीं. सरकारनें केलें हें सर्वांस ठाऊक आहे आणि सांगण्याचा मुद्दा नांवाचा आहे. परंतु जेथें जबाबदारी कोणाची हाच प्रश्न असतो तेथें कर्ता नाहींसा होणें ही साधी गोष्ट राहत नाहीं. जॉर्ज ऑर्वेल यांनीं राजकारण आणि इंग्रजी भाषा यांच्यावरील १९४६ च्या निबंधांत, 'ॲक्टिव्ह' चालत असेल तेथें 'पॅसिव्ह' वापरूं नये असा नियमच घालून दिला तो याच जाणिवेनें. तो नियम सर्वत्र पाळतां येणार नाहीं. स्वतः ऑर्वेलहि तो सर्वत्र पाळत नाहींत. पण त्याच्यामागील प्रश्न विद्यार्थ्यास विचारतां आला पाहिजे: हें कोणीं केलें? तें येथें सांगितलें कां नाहीं? 'व्हॉइस' च्या पाठाचें खरें फळ हा प्रश्न होय. तो न शिकवितां चार पायऱ्या तेवढ्या शिकविल्या, तर मुलगा अशीं वाक्यें लिहावयास शिकतो, पण त्यांचा जाब विचारावयास शिकत नाहीं.

या मतावर एक आक्षेप येईल आणि तो विचार करण्याजोगा आहे. शिक्षक म्हणतील, वर्गांत साठ मुलें, वर्षाचे तास मोजके आणि परीक्षा डोक्यावर. हेतूची चर्चा करीत बसलों तर रूपें पाठ कधीं व्हावयाचीं? इंग्रजी क्रियापदांचीं तिन्ही रूपें आणि 'टु बी' चीं सर्व रूपें हातांत बसविण्यास या अभ्यासासारखें साधन नाहीं, हेंहि खरें. विज्ञानाचे आणि कायद्याचे ग्रंथ वाचावयाचे तर ती रचना ओळखतां आलीच पाहिजे. हें सर्व मान्य करूनहि माझें म्हणणें राहतें. अभ्यास बंद करावा असें मी म्हणत नाहीं. त्याचा क्रम बदलावा असें म्हणतों. प्रथम कर्ता नसलेलींच वाक्यें द्यावींत: दार उघडलें गेलें, पत्र टाकलें गेलें, चोर धरला गेला, अशा अर्थाचीं, 'बाय' अखेरच्या दिवशीं यावा. प्रत्येक वाक्याबरोबर कर्ता कां गेला हें एका शब्दांत लिहावयास सांगावें: अज्ञात, उघड, अनावश्यक, कीं लपविलेला. इंग्रजी वाक्याचें मराठी करतांना 'कडून' व 'गेला' यांना मज्जाव करावा, आणि आपली आजी हें कसें सांगेल असें मुलांस विचारावें. आणि सर्वांत आधीं, 'कर्मणी म्हणजे पॅसिव्ह' हें वाक्य फळ्यावरून कायमचें पुसावें. त्याच्या जागीं गुरु यांच्याप्रमाणें 'वाच्य' आणि 'प्रयोग' असे दोन शब्द घ्यावेत. यास नवा अभ्यासक्रम लागत नाहीं, नवें पुस्तकहि लागत नाहीं. शिक्षकानें पहिल्या तासाला दोन मिनिटें दिलीं तरी पुरे.

महाराष्ट्र राज्यांत २००० सालापासून इंग्रजी पहिल्या इयत्तेपासून शिकविली जात आहे. तिचा आणि मराठीचा संसर्ग आतां पूर्वींच्या कोणत्याहि पिढीपेक्षां लवकर आणि अधिक काळ होतो. त्या संसर्गांतून दोन्ही भाषांचें ज्ञान वाढावें हें शक्य आहे. एकीच्या साच्यांत दुसरी ओतून दोन्ही बिघडाव्यात हेंहि तितकेंच शक्य आहे. 'रामानें आंबा खाल्ला' या तीन शब्दांच्या वाक्यांत एक हजार वर्षांचा इतिहास आहे, आणि तें वाक्य जसें आहे तसेंच निर्दोष आहे. तें आपल्या मुलांना आधीं नीट समजावून द्यावें. मग इंग्रजाचा आंबा रामानें खाल्ला काय किंवा रामाच्या हातून खाल्ला गेला काय, त्याचा निवाडा तीं मुलें स्वतः करतील.